क्लोरीनचा टनर गळला तर ढग कुठवर जाईल: हाताने गणित, मग सॉफ्टवेअर

जोखीम विश्लेषणाचा अहवाल उघडला की आधी नजर जाते नकाशावरच्या लाल, केशरी, पिवळ्या पट्ट्यांकडे. पट्टा किती लांब आला हे सगळे बघतात. तो कुठल्या आकड्यांतून आला हे फार थोडे विचारतात. टनर म्हणजे द्रवरूप क्लोरीन दाबाखाली साठवायची पोलादी टाकी. ९०० किलोच्या एकाच क्लोरीन टनरची एकच गळती २७५ मीटरची दाखवता येते आणि पाच किलोमीटरचीही, आणि दोन्ही वेळा बेरीज-गुणाकार बिनचूक असतो. तो फरक कुठून येतो हे कळावे म्हणून पुढचे सगळे गणित एका टनरवर केले आहे. पाणी शुद्धीकरण केंद्र, रंग, औषधे, कागद, जिथे जिथे क्लोरीन लागतो तिथे बहुधा हा टनर असतो.

आधी घटना नीट लिहा

‘टनर फुटला’ ही घटना नव्हे. भोक किती मोठे, टनरच्या कुठल्या भागाला, आतून द्रव येतो की वायू, आतले तापमान किती, गळती किती वेळ चालते आणि ती थांबवतो कोण, एवढे लिहिल्याशिवाय गणिताला हात लावू नका.

टनरच्या एका टोकाला दोन व्हॉल्व्ह असतात. टनर आडवा ठेवून दोन्ही व्हॉल्व्ह उभ्या रेषेत आणले की वरचा वायू देतो, खालचा द्रव. दोन्ही टोकांना मिळून सहा वितळणारे प्लग असतात, ते साधारण ७० ते ७४ अंशांना वितळतात. हे तापमान उगाच निवडलेले नाही. नियमाप्रमाणे भरलेला टनर ६८ अंशांच्या आसपास द्रवाने काठोकाठ भरतो आणि त्यापुढे आतला दाब पत्र्याला झेपणार नाही इतका वाढत जातो.

यातून घटनांची यादी निघते: वायूच्या बाजूची पिगटेल (टनरला जोडलेली तांब्याची बारीक नळी) तुटणे, द्रवाच्या बाजूचा व्हॉल्व्ह मोडणे, प्लगभोवती गंज धरून बारीक गळती, आणि टनर एकदम फाटणे. शेवटची घटना दुर्मिळ म्हणून वगळायचा मोह होतो. २७ जून २०२२ रोजी जॉर्डनच्या अकाबा बंदरात जहाजावर चढवताना क्लोरीनची टाकी क्रेनवरून खाली पडली आणि १३ माणसे गेली. ती टाकी टनरपेक्षा कितीतरी मोठी होती. पण तुमच्याकडे टनर उचलायला हॉइस्ट असेल तर ‘पडणे’ यादीत हवेच.

हॅझॉप, म्हणजे प्रक्रियेत काय काय बिघडू शकते याची टप्प्याटप्प्याने तपासणी, करताना सगळे पाइपिंगच्या नकाशावर बोट ठेवून बसतात, म्हणून जे नकाशावर नाही ते सुटते. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरात क्लोरीन गळला आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. ते सिलिंडर कुठल्याही चालू प्रक्रियेचा भाग नव्हते, वर्षानुवर्षे पडून होते. तेव्हा यादी संपवण्याआधी एकदा आवारातून चक्कर मारा. परत न गेलेले टनर, चाचणीची तारीख उलटलेले टनर, रिकामे म्हणून उन्हात ठेवलेले टनर मोजा. ‘रिकामा’ टनरही आत दाब धरून असतो.

गळतीचा वेग हाताने काढा

३० अंशांना आतला दाब सुमारे ७.७ बार गेज (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा इतका जास्त), द्रवाची घनता सुमारे १३८० किलो प्रति घनमीटर. व्हॉल्व्हचे आतले भोक ८ मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ ०.००००५०३ चौरस मीटर.

द्रव बाहेर येत असेल तर:

प्रवाह = विसर्ग गुणांक × क्षेत्रफळ × वर्गमूळ (२ × घनता × दाबातला फरक)

गुणांक ०.६१ आणि दाब ७,७०,००० पास्कल घातला की उत्तर येते सेकंदाला १.४ किलो. ९०० किलो साधारण साडेदहा मिनिटांत संपतात.

त्याच भोकातून वायू येत असेल तर प्रवाह ध्वनिवेगाला अडतो आणि गुणांक ०.८५ धरूनही वेग भरतो सेकंदाला ०.१३ किलो. शिवाय तोही टिकत नाही. वायू निघून गेला की आतला द्रव उकळतो, थंड होतो, टनरच्या खालच्या अर्ध्या भागावर बर्फ धरते आणि दाब उतरतो. म्हणजे द्रवाची गळती वायूच्या दहापटीहून जास्त. गळणारा टनर फिरवून भोक वरच्या बाजूला आणतात ते याचसाठी. आणीबाणीच्या आराखड्यातली सर्वांत स्वस्त उपाययोजना हीच, पण त्यासाठी टनर रोलरवर हवा. विटांचा टेकू देऊन जमिनीवर ठेवलेला टनर गॅसमास्क घातलेल्या दोन माणसांना फिरवता येत नाही.

आता एक बारकावा. वरचे सूत्र भोक थेट टनरच्या अंगाला असेल तरच चालते. द्रव साधारण १० सेंटिमीटरपेक्षा लांब नळीतून आला तर नळीतच उकळायला लागतो आणि बाहेर पडते ते द्रव-वायूचे मिश्रण. मिश्रण जागा जास्त व्यापते, म्हणून वस्तुमान कमी जाते. याच आकड्यांवर मिश्र प्रवाहाचे गणित केले तर वेग सुमारे ०.६५ किलो येतो, म्हणजे निम्म्याहून कमी, आणि गळती साडेदहाऐवजी २३ मिनिटे चालते. नळीतले घर्षण धरले तर आणखी कमी. दोन मीटर लांब पिगटेलचे टोक तुटले असताना १.४ किलो घेणे म्हणजे ढग उगाच मोठा करणे. व्हॉल्व्ह बुंध्यातून मोडला असताना ०.६५ घेणे त्याहून वाईट.

बाहेर पडलेल्या द्रवाचे पुढे काय? क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळतो. ३० अंशांचा द्रव हवेत आला की स्वतःच्याच उष्णतेवर काही भाग लगेच वायू होतो, याला फ्लॅश म्हणतात. द्रवाची विशिष्ट उष्णता × तापमानातला फरक ÷ बाष्पीभवनाची उष्णता:

०.९५ × ६४ ÷ २८८ = ०.२१

म्हणजे एक पंचमांश. उरलेले चार पंचमांश जमिनीवर पडतात असे मात्र समजू नका. फ्लॅश होणारा वायू द्रवाच्या चिंधड्या उडवतो आणि बारीक थेंब ढगाबरोबरच वाहत जातात. फ्लॅशइतकेच आणखी थेंब धरण्याची जुनी रीत आहे, तिच्याप्रमाणे ४० टक्के हवेत आणि बाकी डबक्यात. झोत मोकळ्या हवेत आडवा सुटत असेल तर सगळाच माल हवेत धरा. तो जवळच भिंतीवर किंवा जमिनीवर आदळत असेल तर डबके धरणे पटते. डबके थंड असते, संथ वाफाळते, म्हणूनच त्यावर पाणी मारायचे नसते: पाणी त्याला उष्णता देते. भोकावर मारलेले पाणी तर क्लोरीनशी मिळून आम्ल करते आणि तासाभरात भोक मोठे होते.

हवामान: सगळ्यांत जास्त फरक इथे पडतो

किमान दोन हवामाने घ्यायची. नावातले अक्षर हवेच्या स्थिरतेचा वर्ग सांगते, आकडा वाऱ्याचा वेग. डी-५, म्हणजे ढगाळ किंवा मध्यम दिवस, वारा सेकंदाला ५ मीटर. आणि एफ-१.५, म्हणजे निरभ्र शांत रात्र, वारा १.५ मीटर. रात्री जमीन थंड होते, हवा थरांत बसते, ढग वर मिसळत नाही.

ढगाची ढोबळ लांबी हाताने काढण्यासाठी:

तीव्रता = गळतीचा वेग ÷ (पाय × आडवा फैलाव × उभा फैलाव × वाऱ्याचा वेग)

१ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीन म्हणजे घनमीटरला २.९ मिलिग्रॅम, म्हणून २० पीपीएम म्हणजे ५८. सेकंदाला १.४ किलो, उघडा मुलूख, अंतराबरोबर वाढत जाणाऱ्या फैलावासाठी ब्रिग्ज यांची रूढ सूत्रे घेतली तर २० पीपीएमची (ही पातळी कशाची, ते पुढे येते) हद्द डी-५ मध्ये सुमारे ७०० मीटर आणि एफ-१.५ मध्ये सुमारे ४.९ किलोमीटर. तीच डी-५ हवा, पण दाट वस्तीचे फैलाव घेतले तर २७५ मीटर. सुरुवातीचे दोन आकडे हेच.

हे गणित हवेइतक्याच जड वायूसाठी आहे. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, त्यातून थंड थेंबांनी लादलेला. पहिल्या काहीशे मीटरांत तो पसरट, बुटका होऊन सरपटतो, वाऱ्याच्या उलट दिशेलाही थोडा जातो. म्हणून हाताचा आकडा फक्त तपासणीसाठी. सॉफ्टवेअरचे उत्तर त्याच्या तिप्पट-चौपट निघाले तर कुठेतरी एकक चुकले आहे असे समजा.

वाऱ्याच्या आकड्यांत दोन सापळे आहेत. विंड रोज, म्हणजे वाऱ्याच्या दिशांचा चक्राकार आलेख, वारा कुठून येतो ते दाखवते. ढग उलट दिशेला जातो. पश्चिमेचा वारा म्हणून पश्चिमेच्या गावावर पट्टा काढलेले नकाशे बघायला मिळतात, आणि ते कुणाच्या लक्षातही आलेले नसते. दुसरे, हवामान खात्याच्या सरासरीच्या तक्त्यांत वाऱ्याच्या नोंदी सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचच्या असतात. एफ वर्गाची हवा रात्री दोन वाजता असते. ती या तक्त्यांत पकडलीच जात नाही, त्यामुळे कारखान्यातच वर्षभर तासागणिक नोंद करणारे यंत्र लावलेले बरे.

सॉफ्टवेअरमध्ये भरताना

अलोहा हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे आणि ‘नोआ’ या तिथल्या सागर व हवामान संस्थेचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि टनरच्या कामाला पुरते. भरताना चुका ठरावीक ठिकाणी होतात.

टाकीचा व्यास ०.७६ मीटर द्या आणि लांबीऐवजी आकारमान द्या, सुमारे ०.७३ घनमीटर, लांबी ते स्वतः काढते. टनरची टोके आत दबलेली असतात, बाहेरून टेपने मोजलेली लांबी दिली तर टाकी मोठी होते. ९०० किलो ३० अंशांना ०.६५ घनमीटर भरतात, म्हणजे द्रव ८९ टक्क्यांवर दिसायला हवा. दिसला नाही तर पुढे जाऊ नका.

भोक ‘छिद्र’ की ‘छोटी नळी किंवा व्हॉल्व्ह’, हे विचारले जाते. वर सांगितलेला मिश्र प्रवाहाचा फरक इथे येतो. भोकाची उंची द्रवाच्या पातळीखाली ठेवली की द्रव, वर ठेवली की वायू. ही उंची न बदलता ‘पुढे’ दाबत जाणे ही सर्वांत नेहमीची चूक.

तापमान परिसराचे भरले जाते, पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टनर ४० अंशांवर असतो. दाब त्याप्रमाणे बदलतो.

अलोहा डोंगर, नाला, इमारत काही बघत नाही. सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वारा घेत नाही, एका तासापुढे आणि १० किलोमीटरपुढे जात नाही. महाडसारख्या सावित्रीच्या खोऱ्यात, तिन्ही बाजूंनी डोंगर असताना, रात्री जड वायू नाल्याच्या उताराने जाईल, पट्ट्याच्या सरळ रेषेने नाही. अशा जागी निकालाच्या नकाशावर उताराच्या रेषा हाताने काढा आणि नाल्याकाठच्या वस्त्या पट्ट्याबाहेर असल्या तरी यादीत घ्या. हे गणित नव्हे, पण यावाचून गणिताला अर्थ नाही.

पाच किलोमीटर खरे का?

२० पीपीएम ही ‘एक तास श्वास घेतला तर जिवावर बेतू शकते’ अशी पातळी आहे. आपली गळती साडेदहा मिनिटांची. १.५ मीटरच्या वाऱ्यात ढग म्हणजे सुमारे साडेनऊशे मीटर लांबीचा तुकडा, तो पाच किलोमीटरवर पोचायला ५४ मिनिटे घेतो आणि साडेदहा मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. एक तासाची पातळी त्याला लावणे चूक आहे. दहा मिनिटांसाठीची जीवघेणी पातळी एईजीएल-३ या अमेरिकी आणीबाणी मर्यादेप्रमाणे ५० पीपीएम आहे. ती लावली की हद्द एफ-१.५ मध्ये अडीच किलोमीटरवर आणि डी-५ मध्ये ४०० मीटरवर येते. अलोहा आपण होऊन एक तासाचे आकडे घेते, दहा मिनिटांचे हाताने टाकावे लागतात.

उलट चूकही होते. ५० पीपीएमच्या आत सगळे मरतील आणि बाहेर सगळे वाचतील, असे नसते. मृत्यूची शक्यता काढायला प्रॉबिट, म्हणजे तीव्रता आणि वेळ यांवरून मृत्यूचे प्रमाण सांगणारा आकडा, वापरा. क्लोरीनसाठी नेहमी वापरले जाणारे एक सूत्र:

प्रॉबिट = −८.२९ + ०.९२ × नैसर्गिक लॉग (पीपीएमचा वर्ग × मिनिटे)

उत्तर ५ म्हणजे निम्मे मृत्यू. दहा मिनिटांसाठी ते ४३३ पीपीएमला येते, तीस मिनिटांसाठी २५० ला. एक टक्का मृत्यूची पातळी दहा मिनिटांसाठी सुमारे १२० पीपीएम. डच पद्धतीचे सूत्र घेतले तर तीस मिनिटांचा निम्म्या मृत्यूंचा आकडा २५० नसून ३८५ च्या आसपास निघतो. म्हणून अहवालात कुठले सूत्र घेतले ते लिहाच. दोन कारखान्यांचे अहवाल शेजारी ठेवले की फरक बऱ्याचदा कारखान्यांत नसतो, या ओळीत असतो.

सूत्रात तीव्रतेचा वर्ग आहे याकडे लक्ष द्या. तीव्रता निम्मी झाली तर विषाचा भार पावपट होतो. म्हणून घरात थांबण्याला अर्थ आहे. घट्ट बंद खोलीत तासाला अर्धा वेळा हवा बदलत असेल तर साडेदहा मिनिटांच्या ढगात आतली तीव्रता बाहेरच्या साडेआठ टक्क्यांपर्यंतच चढते. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात तासाला दोनदा हवा बदलते असे धरले तर तीच ३० टक्क्यांवर जाते, तरी भार बाहेरच्या एक दशांशाहून कमी. गावाला पळायला लावणारा आराखडा लोकांना ढगात आणून उभा करतो. मात्र ढग गेल्यावर लगेच दारे-खिडक्या उघडायला सांगणे आराखड्यात हवे, नाहीतर आत अडकलेला वायू तिथेच राहतो.

किती वेळा घडेल

वारंवारतेचे आकडे तयार तक्त्यांतून उचलले जातात आणि गफलत इथे सगळ्यांत सोपी. टँकर उतरवण्याच्या होजसाठी (लवचिक नळीसाठी) डच तक्त्यात पूर्ण फुटण्याचा दर तासाला दहा लाखांत ४ असा आहे. तोच दर चोवीस तास जोडलेल्या पिगटेलला लावला तर ८७६० तासांचे वर्षाला ०.०३५, म्हणजे २८ वर्षांत एकदा. तो दर रोज जोडायच्या-सोडायच्या होजचा आहे, स्थिर तांब्याच्या नळीचा नव्हे. पिगटेलसाठी वर्षाला टनर किती वेळा बदलतो ते मोजा. आठवड्याला दोन तर १०४ जोडण्या, आणि दर जोडणीला नवा लेड वॉशर लागतो की जुनाच पुन्हा दाबला जातो, तेही विचारा.

समजा, सगळा विचार करून द्रवाच्या मोठ्या गळतीचा दर वर्षाला हजारात एक ठरला. ती वेळेत न थांबण्याची शक्यता ०.१, वारा वस्तीकडे असण्याची ०.१२, रात्रीची स्थिर हवा ०.३, तिथे उघड्यावर असलेल्याच्या मृत्यूची ०.५. गुणाकार वर्षाला दहा लाखांत १.८. ब्रिटिश निकषांत नागरिकांसाठी दहा लाखांत १ च्या खाली जोखीम ‘सर्वसाधारण मान्य’ आणि दहा हजारांत १ च्या वर ‘असह्य’. आपला आकडा मधल्या पट्ट्यात, म्हणजे जोखीम शक्य तेवढी कमी करत राहण्याच्या.

या गुणाकारात दोन आकडे पोकळ आहेत. पहिला ०.१. अमेरिकेत मिसुरीमधल्या फेस्टस इथे १४ ऑगस्ट २००२ रोजी रेल्वे टाकीचा होज फुटला. त्याची जाळी क्लोरीनला टिकणाऱ्या हॅस्टेलॉय या मिश्रधातूची समजली गेली होती, निघाली स्टेनलेस स्टीलची. आपोआप बंद होणारे व्हॉल्व्हही गंजामुळे पूर्ण मिटले नाहीत, आणि तीन तासांत सुमारे २२ टन क्लोरीन बाहेर गेला. तुमचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी पूर्ण बंद करून पाहिला याची नोंद नसेल तर ०.१ ऐवजी १ घ्या. जोखीम थेट दहापट होते.

दुसरा, ०.१२ आणि ०.३ चा गुणाकार. वाऱ्याची दिशा आणि हवेची स्थिरता एकमेकांपासून सुट्या नसतात. कोकणात रात्रीचा वारा जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो, आणि स्थिर हवाही रात्रीच असते. कारखान्याच्या पश्चिमेच्या वाडीसाठी वर्षाची सरासरी दिशा घेऊन गुणले तर खरी जोखीम लपते. दिशा आणि स्थिरता यांचा एकत्र तक्ता करा आणि त्यातला आकडा घ्या.

निकालातून काय बदलायचे

साठा आधी मोजा. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत क्लोरीनसाठी १० टन आणि २५ टन या दोन मर्यादा आहेत. बारा भरलेले टनर म्हणजे १०.८ टन. अकरावर थांबता येत असेल तर बारावा टनर नियमाच्या आणि ढगाच्या, दोन्ही हिशेबांत महाग पडतो.

टनर बंद शेडमध्ये आणून हवा स्क्रबरमधून, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने वायू धुणाऱ्या यंत्रातून, ओढली तर गळतीचा वेग गौण होतो आणि प्रश्न उरतो कॉस्टिक पुरेल का, एवढाच. १ किलो क्लोरीनला १.१३ किलो कॉस्टिक लागतो, म्हणजे एका टनरला सुमारे १०१५ किलो. २० टक्के द्रावणात ते ५ टनांच्या वर जाते, त्यावर पाव भाग जादा धरा. २० टक्क्यांपेक्षा घट्ट द्रावण ठेवू नका: मीठ साचून नोझल बुजतात. प्रक्रियेत उष्णताही बरीच सुटते, टनरभर क्लोरीन एका दमात शोषला तर द्रावण ५० अंशांहून जास्त तापू शकते आणि तयार झालेला हायपोक्लोराइट मोडायला लागतो. म्हणून थंड करायची सोय किंवा पातळ द्रावणाची मोठी टाकी हवी. पंख्याला दुसरी वीज हवी. आणि टाकीतले कॉस्टिक नुसते पडून राहिले तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन कार्बोनेट होते, त्यामुळे पातळी भरलेली दिसते पण ताकद उतरलेली असते. पातळीबरोबर तीव्रताही मोजून नोंदवहीत टिपा.